डाव्या गुडघ्यासाठी घेतलेली गाडी: अकरा महिने आणि नऊ हजार किलोमीटर

माझ्या यजमानांच्या डाव्या गुडघ्याची झीज झाल्याचे निदान गेल्या वर्षी मे महिन्यात झाले आणि डॉक्टरांनी जिने, मांडी घालून बसणे आणि क्लच या तीन गोष्टी कमी करायला सांगितल्या. पहिल्या दोन त्यांनी मुकाट्याने मान्य केल्या. तिसरीवर मात्र घरात आठवडाभर खल चालला, कारण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा बहुतेक वेळ पक्षी पाहण्यात आणि माझा जुन्या विहिरी व देवळे कागदावर रेखाटण्यात जातो, आणि सातारा जिल्ह्यात या दोन्ही छंदांची ठिकाणे एसटीच्या थांब्यापासून सोयीच्या अंतरावर क्वचितच असतात. अखेर जुनी गाडी विकून आम्ही जुलैमध्ये एएमटी प्रकारची, म्हणजे क्लचचे पेडल नसलेली, छोटी पेट्रोल गाडी घेतली. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या प्रकारच्या कोणत्याही गाडीला लागू पडतात, आणि ज्या पडत नाहीत त्यांबद्दलचा आमचा तंटा अद्याप मिटलेला नाही.

विक्रेत्याने गाडी ‘फुल ऑटोमॅटिक’ असल्याचे सांगितले होते, आणि पुढच्या निम्म्या घोटाळ्यांचे मूळ त्या दोन शब्दांत आहे. एएमटीमध्ये गिअरबॉक्स नेहमीचाच असतो आणि क्लचही नेहमीचाच असतो; फक्त क्लच सोडण्या-धरण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम आपल्या हातापायांऐवजी एक यंत्रणा करते. त्यामुळे पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर ओढ तुटते आणि मागे बसलेल्याची मान हलकेच पुढे डोलते. ‘पी’ची (पार्किंगची) खाच नसते, गाडी गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचाच. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरली, तर आत क्लच घासत राहतो आणि तापतो. हे सारे मला पुस्तिका वाचून कळले, पण पुस्तिका आम्ही पहिला अपघात झाल्यानंतर उघडली.

तो अपघात तिसऱ्याच दिवशी झाला. राजवाड्याकडून मोती चौकात येताना समोर हातगाडी आडवी आली आणि यजमानांचा डावा पाय बेचाळीस वर्षांच्या सवयीने क्लच शोधत खाली गेला. या गाडीत ब्रेकचे पेडल रुंद असते, त्यामुळे क्लच दाबायच्या जोराने दाबला गेला तो ब्रेक. गाडी जागच्या जागी थिजली, माझा चष्मा डॅशबोर्डवर गेला आणि मागून येणाऱ्या दूधवाल्याची मोटारसायकल आमच्या बंपरला येऊन टेकली. दूधवाला सज्जन होता, त्याने किटलीचे झाकण तपासले आणि मग, “आजोबा, शिकताय काय अजून?” एवढेच विचारले. त्या प्रश्नाने जे काम केले ते माझ्या उपदेशाने झाले नसते. पुढचे पंधरा दिवस यजमान डाव्या पायातली चप्पल काढून गाडी चालवत होते. अनवाणी तळवा रबरी चटईला लागला की तो पाय आता निवृत्त आहे याची आठवण राहते, असे त्यांचे म्हणणे. उपाय हास्यास्पद वाटेल, परंतु लागू पडला, आणि क्लचच्या गाडीवर उमेदीची वर्षे काढलेल्या प्रत्येकाला मी तो सुचवते.

बंपरचा खर्च तीन हजार आठशे रुपये आला. विम्याचा दावा आम्ही केला नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि वर्षभर दावा केला नाही तर पहिल्या नूतनीकरणाच्या वेळी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, तेव्हा लहानसहान दुरुस्ती खिशातून करणे हिशेबाला बरे पडते. दुसऱ्यांदा मात्र दावा करावाच लागला. आमचे घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या चढावर आहे. गाडीत हिल होल्ड आहे म्हणून यजमान निर्धास्त होते, पण ती सोय चढावर ब्रेकवरून पाय उचलल्यावर गाडीला साधारण दोन सेकंदच धरून ठेवते. फाटकापाशी शेजाऱ्यांनी हाक मारली, यांनी काच खाली करून “बोला” म्हटले, आणि बोलणे सुरू होईपर्यंत गाडी मागे सरकून त्याच शेजाऱ्यांच्या फाटकाच्या खांबावर गेली. मागचा दिवा, मागचा दरवाजा आणि खांबाचा गिलावा, तिन्ही गेले. शेजारी मला वहिनी म्हणतात म्हणून प्रकरण चहावर मिटले.

उंदरांनी वायर कुरतडल्याचा प्रसंग पावसाळ्यात एकदा आला. बॉनेटखाली तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधल्यापासून पुन्हा आलेला नाही. तो तंबाखूमुळे आला नाही की मांजरामुळे, हे मला सांगता येणार नाही.

या गाडीचा अनपेक्षित लाभ असा झाला की मी पुन्हा चालवू लागले. माझ्या परवान्याची मुदत संपून वर्ष उलटून गेले होते, त्यामुळे नूतनीकरणासाठी चाचणी द्यावी लागली. वैद्यकीय दाखला चाळिशीनंतर लागतोच, आणि वयाच्या पंचावन्नीनंतर परवाना एका वेळी पाच वर्षांचाच मिळतो, हेही इथे नोंदवून ठेवते, कारण आमच्या वयाचे अनेकजण जुन्या परवान्यावरची तारीख वर्षानुवर्षे पाहत नाहीत. माझी पहिली एकटीची फेरी लिंबच्या बारामोटेच्या विहिरीची होती. शके १६४१ ते १६४६ या काळात श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी बांधलेली ही अष्टकोनी विहीर साताऱ्याहून महामार्गाने गेल्यास अर्ध्या तासात येते, आणि तिच्यावर नाव बाराचे असले तरी पंधरा मोटा चालतील अशी व्यवस्था आहे. गावातल्या अरुंद गल्लीत समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा मला मागे घेत घेत जवळजवळ शंभर पावले जावे लागले. रिव्हर्स टाकून ब्रेकवरून पाय हलकाच उचलला की गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. क्लच सांभाळायचा नसल्यामुळे माझे सगळे लक्ष आरशात राहिले. जुन्या गाडीने मी तिथे नक्की कुणाची तरी पडवी पाडली असती. त्याच दिवशी कळले की समोरच्या काचेचा उजवा खांब जाड आहे आणि माझ्यासारख्या पाच फुटांच्या आतल्या माणसाला उजव्या वळणावर त्याच्या आड अख्खा सायकलस्वार लपू शकतो. सीट वर घेण्याची सोय असूनही मला खाली दोन इंचांची उशी घ्यावी लागते.

मे महिन्यात आम्ही कोकणात सहा दिवसांची सहल केली, आणि गाडीची खरी पारख त्या सहलीत झाली. उंब्रजहून पाटणच्या रस्त्याला लागलो तोपर्यंत सांगण्यासारखे काही नाही. यजमान पाटणचे, कोयनानगर आले की ते गप्प होतात, कारण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात त्यांना आठ वर्षांच्या वयात आजीने कडेवर घेऊन अंगणात आणले होते. तेथून कुंभार्ली घाट उतरताना त्यांनी गाडी ‘डी’मध्येच, म्हणजे आपोआप गिअर बदलण्यावरच, ठेवली. उतारावर वेग वाढला की यंत्रणा आपली समजूत करून घेते की आता वरचा गिअर हवा, आणि गाडी तिसऱ्या-चौथ्यात मोकळी धावू लागते. मग सारा भार ब्रेकवर येतो. चौथ्या वळणावर जळक्या रबरासारखा वास आला. आम्ही बाजूला थांबलो, वीस मिनिटे चाके निवू दिली (तेवढ्यात यांना एक मलबारी कवड्या धनेश दिसला, त्यामुळे वीसची चाळीस झाली) आणि पुढे गिअरचा दांडा ‘एम’मध्ये, म्हणजे हाताने गिअर बदलण्यावर, ओढून दुसरा गिअर धरून ठेवला. पोफळीपर्यंत ब्रेकला जेमतेम पाय लागला. घाटात ही गाडी हाताने गिअर धरूनच उतरवायची असते, आणि ही एक गोष्ट विक्रेत्याने चावी देताना सांगितली असती तर त्याच्या पेढ्यांपेक्षा अधिक गोड लागली असती.

गुहागरला दोन दिवस सुरूच्या बनात आणि व्याडेश्वराच्या देवळात सुखाने गेले. तिसऱ्या दिवशी पालशेतच्या पुढे मागचे चाक पंक्चर झाले. चाक बदलायचे ज्ञान आम्हा दोघांनाही आहे. आधी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग जॅक लावायचा. पण नट जागचा हलेना. यजमान पान्यावर पाय देऊ लागले तेव्हा मी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला केले आणि स्वतः पान्यावर उभी राहिले. बावन्न किलो वजनाखाली पहिला नट किरकिरला, दुसरा आणि तिसराही सुटला, चौथ्यावर मी झोके घेतले तरी त्याने दाद दिली नाही. दुपारचे बारा वाजले होते आणि डांबर चपलेला चिकटत होते. आंब्याच्या पेट्या घेऊन जाणारा एक टेंपो थांबला. चालकाने पाना पाहिला, सीटमागून हातभर लांबीची लोखंडी नळी काढली, पान्याच्या दांड्यात सरकवली आणि एका हाताने नट फिरवला. “काका, गन मारलेली आहे याला, नुसत्या पान्यानं नाय सुटायचा,” असे म्हणून त्याने नळी पुसून परत ठेवली आणि पैसे घेतले नाहीत, म्हणून आम्ही त्याच्याकडून दोन पेट्या घेतल्या. सर्व्हिसिंगच्या वेळी हवेच्या बंदुकीने आवळलेले नट घरी आल्यावर एकदा हाताने सैल करून पुन्हा आवळावेत, हा धडा मी पुढे सर्वांना दिला आहे. स्टेपनी मूळ चाकापेक्षा एक इंचाने लहान असून तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली आहे, हेही आम्हाला तिथेच कळले.

हेदवीच्या दशभुजा गणपतीचे दर्शन घेऊन तवसाळच्या जेट्टीवर आलो. शास्त्री नदीच्या खाडीतून जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीत त्या दिवशी गाड्या उलट्या चढवायच्या होत्या, आणि गाडी माझ्या हातात होती. बोटीची फळी ओली, चढ मागच्या बाजूला, डावीकडे पाणी. नुसत्या सरकण्यावर गाडी फळीच्या तोंडाशी येऊन थांबली. ॲक्सिलरेटर थोडा दिला तर काहीच घडले नाही. यंत्रणा क्लच धरायला अर्धा क्षण घेते, आणि त्या अर्ध्या क्षणात घाबरून आणखी दिला की गाडी उडी मारते. बोटीवरचा मुलगा “मावशी, येऊ द्या, येऊ द्या” म्हणून हात हलवत होता. यजमान धक्क्यावर उभे राहून काही बोलत नव्हते, यावरून त्यांना किती भीती वाटत असेल ते मला समजले. मी हँडब्रेक ओढला, ॲक्सिलरेटर सावकाश दाबला, गाडीची शेपटी किंचित दबल्यासारखी वाटली तेव्हा हँडब्रेक सोडला, आणि गाडी उडी न मारता वर गेली. “बास!” क्लचचा वास मात्र जयगडपर्यंत नाकात राहिला.

परतताना मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहून पाली, साखरपामार्गे आंबा घाट चढलो. दोन माणसे, दोन पेट्या आणि चालू एसी एवढ्या भाराने गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सारखी घुटमळत राहिली; पुन्हा ‘एम’. कोल्हापूर ते सातारा हा सगळ्यात सोपा टप्पा ठरायला हवा होता, पण सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांमुळे तोच सर्वांत कंटाळवाणा झाला. सहलीचे सरासरी ॲव्हरेज टाकी ते टाकी मोजून लिटरला १८ किलोमीटर भरले. साताऱ्यात ते १४ च्या वर जात नाही.

गुडघ्याचे म्हणाल तर क्लच गेल्यापासून त्यांना संध्याकाळी शेक लागत नाही. सीट मात्र खाली आहे आणि बाहेर पडताना दाराच्या वरची मूठ धरून उठावे लागते, तेव्हा गुडघ्याच्या रुग्णांनी गाडी निवडताना चालवून पाहण्याबरोबरच पाच वेळा आत बसून बाहेर येऊन पाहावे. साताऱ्यासारख्या चढउताराच्या गावात मी ही गाडी पुन्हा घेईन, पण यजमान घेणार नाहीत. त्यांना खरी ऑटोमॅटिक हवी आहे आणि तिच्या किमतीतला फरक आमच्या पेन्शनला पेलणारा नाही.

सहलीहून आल्यापासून थंड इंजिनावर पहिला गिअर पडताना गाडी थरथरते. सर्व्हिस सेंटरने क्लच प्लेट घासल्याचे सांगून अठरा हजारांचा अंदाज हातावर ठेवला आणि घासणारा भाग वॉरंटीत येत नसल्याचे ऐकवले. नऊ हजार किलोमीटरमध्ये क्लच का घासावा, यावर मात्र त्यांनी “घाटात जास्त चालवली असेल” एवढेच उत्तर दिले. मी लेखी कारण मागितले आहे. तोवर मायणीच्या तलावावरची नोव्हेंबरातली फेरी यजमानांनी दिनदर्शिकेत पेन्सिलीने लिहून ठेवली आहे, आणि दोन फुटांची लोखंडी नळी डिकीत स्टेपनीशेजारी ठेवलेली आहे.