विकिस्रोत की झूनिव्हर्स? दप्तरखान्यातल्या माणसांना आधी काय शिकवावं

मुंबईतल्या जुन्या ग्रंथालयांत आणि दप्तरखान्यांत स्कॅन झालेली पानं असतात, पण त्यांतला शब्द शोधता येत नाही. ती टंकायला लोकांची मदत घ्यायची, तर दोन फुकट मार्ग आहेत: मराठी विकिस्रोत (जुनी पुस्तकं टंकून ठेवणारं, विकिपीडियाचं भावंड असलेलं मुक्त ग्रंथालय) आणि झूनिव्हर्स (संशोधनाच्या कामात स्वयंसेवकांची मदत घेणारं संकेतस्थळ). कर्मचाऱ्यांना कोणता शिकवायचा, हे पानांवर काय आहे त्यावर ठरवा.

छापील पुस्तकं, अहवाल, पत्रकं असतील तर बिनदिक्कत विकिस्रोत. पीडीएफ कॉमन्सवर (विकिपीडिया परिवाराच्या सामायिक फाइल-साठ्यावर) चढवायची, विकिस्रोतावर त्या पुस्तकाचं अनुक्रमणिकेचं पान करायचं, ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीने) कच्चा मजकूर काढायचा. एकाने तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्याने पडताळलं की हिरवं. पिवळं करणाऱ्याला तेच पान हिरवं करता येत नाही. म्हणून सगळ्या कार्यालयाने एकच खातं वापरलं, तर पानं पिवळ्यावरच अडकतात. कार्यशाळेतली नेहमीची अडचण वेगळीच: एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून) दिवसाला सहाच नवी खाती उघडतात. वीस जण एका वायफायवर बसले की सातव्यापासून खोळंबा. खाती आदल्या दिवशी घरूनच उघडून यायला सांगा. स्वामित्वहक्कही आधी तपासा. आपल्याकडे तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

हस्तलिखित नोंदवह्यांचे रकाने किंवा गिरणगावातली छायाचित्रं असतील तर झूनिव्हर्स सोयीचं. तिथे एकच पान अनेक जण स्वतंत्रपणे वाचतात. कितव्या वाचनानंतर ते थांबवायचं, ते तुम्ही ठरवता. पण हाती येते ती कच्ची सीएसव्ही, म्हणजे सगळ्यांची उत्तरं ओळीने भरलेली तक्त्याची फाइल. त्यातली एकाच पानाची उत्तरं जुळवायला पायथन ही संगणकभाषा येणारा माणूस हवा. तो नसेल तर या वाटेला जाऊ नका, हजारो उत्तरं तशीच पडून राहतील.

त्यात मराठीचा एक खास घोळ आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना सारखाच दिसतो, संगणक मात्र दोन वेगळे शब्द धरतो आणि जुळलेली उत्तरंही फुटतात. जुळवणीआधी सगळा मजकूर एकाच रूपात आणायचा, हे प्रशिक्षणातच शिकवा.

दोन्हीकडे होणारी चूक म्हणजे ‘सुधारणा’. १९६२च्या नियमांआधीचं ‘कांहीं’, ‘नाहीं’ स्वयंसेवक प्रेमाने ‘काही’, ‘नाही’ करून टाकतात. मूळ लेखन तसंच ठेवायचं, असं सूचनांच्या पहिल्याच ओळीत लिहा.

मोडीची पानं मात्र अजून कुठेच टाकू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत जागा सोडलेली नसते. अर्धवट वाचणाऱ्यांचं बहुमत घेतलं तर चूकच पक्की होते. पक्का मोडीवाचक पडताळणीला बसणार असेल तेव्हाच ती उघडा.

मार्ग कोणताही असो, प्रशिक्षणाचा पहिला दिवस संगणकाशिवाय घ्या. सगळ्यांनी तीच दहा पानं एकमेकांचं न बघता कागदावर उतरवावीत. जिथे दोघांचं वेगळं येईल, तिथे एक नियम. ते सगळे नियम एका पानात बसवा. तेच पान स्वयंसेवकांना द्यायचं. त्यांच्या प्रश्नांना आठवड्यातून दोनदा उत्तर कोण देणार, तेही त्याच दिवशी नावानिशी ठरवा.