कॉल लावू की लिहून कळवू?

मार्च 2020 मध्ये घरून काम सुरू झालं आणि आम्ही ऑफिसातल्या प्रत्येक लहानसहान बोलण्याचा व्हिडिओ कॉल केला. संध्याकाळपर्यंत डोकं जड व्हायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये त्याची कारणं मांडली: अगदी जवळून रोखून पाहणारे चेहरे, सतत दिसणारं स्वतःचं रूप, एका जागी खिळून बसणं आणि हावभाव समजून घेण्याची जादा मेहनत. झूममध्ये स्वतःची चौकट लपवता येते. मला तेवढ्यानेही हलकं वाटलं.

लिहिण्याचं खरं बळ वेळेच्या फरकात कळतं. पुणे न्यूयॉर्कच्या पुढे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. तिथे सकाळी नऊला कॉल, तर इथे घरच्यांच्या वाट्याची संध्याकाळ जाते. निरोप लिहून ठेवला तर सकाळी उत्तर हजर. मात्र नुसतं 'हाय, आहेस का?' एवढंच पाठवलं की अख्खा दिवस वाया! काय अडलंय, काय करून पाहिलं, उत्तर कधीपर्यंत हवं, हे पहिल्याच निरोपात हवं.

पण लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. 'बरं' म्हणजे होकार, नाराजी की नुसतीच पोच? म्हणून चूक दाखवायची असेल, कुणी दुखावलं असेल किंवा नवा सहकारी आला असेल, तर मी सरळ कॉल लावते, आणि ठरलेलं दोन ओळींत ग्रुपवर टाकते.