अप्पांच्या तळपायाची जखम: सात महिने वापरलेली ड्रेसिंगं आणि त्यांचा हिशेब

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. वीस वर्षांपासून शुगर. मागच्या जुलैत चपलेतून वर आलेला खिळा उजव्या अंगठ्याच्या बुडाशी टोचत राहिला आणि त्यांना पत्ताच लागला नाही. आईला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. "दुखंना झालंय, म्हंजे काय झालं न्हाई," असं अप्पा म्हणाले. खरं तर न दुखणं हाच त्यांचा आजार होता; शुगरनं पाय बधिर झाला होता.

जखम फेब्रुवारीत भरली. या सात महिन्यांत काय काय वापरलं ते लिहून ठेवते, कारण मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून मी हीच माहिती शोधत असायची आणि ती मिळत नसे.

पहिले दोन महिने घराजवळच्या दवाखान्यात रोज ड्रेसिंग. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस आला की पुसायचं, आयोडीन लावायचं आणि वर कोरडं गॉज बांधायचं. दुसऱ्या दिवशी ते गॉज वाळून जखमेला घट्ट चिकटलेलं असे. ओढून काढलं की रक्त यायचं आणि "रक्त येतंय म्हणजे जखम जिवंत आहे" असं सांगितलं जायचं. त्या गॉजबरोबर रोज कोवळी कातडीही निघून येत होती, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या कुणी वेदनेनं ओरडून थांबवलं असतं. अप्पा मात्र पाय पुढे करून पेपर वाचत बसायचे. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

याच काळात आत्यानं जखमेत हळद भरली. सांगलीत हळदीवर कुणाचा विश्वास नाही? शिवाय हळदीनं जखम भरण्याचं अमेरिकेत 1995 साली दिलं गेलेलं पेटंट माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून 1997 मध्ये रद्द करवून घेतलं, ही गोष्ट आमच्या घरात अभिमानानं सांगितली जाते. पण ते पेटंट रद्द झालं ते हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं म्हणून. बधिर पायाच्या खोल जखमेत डब्यातली हळद भरावी, असा त्याचा अर्थ होत नाही. मिरजेच्या डॉक्टरांना ती धुऊन काढायला अर्धा तास लागला, कारण पिवळ्या थराखाली पू आहे की मांस तेच दिसत नव्हतं.

मिरजेला गेल्यावर ड्रेसिंगचं नाव निघण्याआधी चार कामं झाली. पायाचा रक्तपुरवठा डॉपलर यंत्रानं तपासला, हाडाला जंतू लागलेत का ते पाहायला एक्स-रे काढला, कडेचं घट्टं आणि मेलेलं मांस कापून काढलं आणि इन्सुलिन सुरू केलं. मग डॉक्टर म्हणाले, "आता या जखमेवरचं वजन काढा. चालत राहिलात तर वर काहीही लावा, उपयोग नाही." त्यांनी पॉल ब्रँड यांचं नाव घेतलं. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करताना ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की बधिर पाय झिजतो तो मुख्यतः न कळलेल्या दाबामुळे आणि इजेमुळे. अप्पांच्या पायाला गुडघ्याखालपर्यंत प्लास्टरचा बूट घातला, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात तो. सुरुवातीला तो दर आठवड्याला बदलायचा. पहिल्या महिन्यातच जखम निम्म्याहून लहान झाली. सात महिन्यांत वापरलेल्या सगळ्या गोष्टींत मी पहिला नंबर या प्लास्टरलाच देईन, आणि ते ड्रेसिंग नाहीच.

ऑक्टोबरच्या उकाड्यात अप्पांना बूट सहन होईना. तेव्हा जखमेवर दाब येऊ नये म्हणून मधे भोक ठेवलेला जाड नमदा (दाबलेल्या लोकरीचा थर) तळव्याला चिकटवून, वॉकर घेऊन चालायचं ठरलं आणि ड्रेसिंग माझ्या हातात आलं.

पॅराफिनची, म्हणजे मेणचट थर दिलेली कापडी जाळी सगळ्यात स्वस्त. चिकटत नाही, काढताना रक्त येत नाही, एवढ्यानंच मला हायसं वाटलं. पण ती स्राव शोषत नाही आणि आमच्या इथल्या उन्हाळी हवेत दिवसभरात वाळते. उथळ, स्वच्छ जखमेला ठीक.

हायड्रोकोलॉइडची, म्हणजे स्राव शोषून जेलसारखी होणारी चिकट पट्टी एकदाच वापरली. चौथ्या दिवशी काढली तर पिवळा, वासाचा लगदा. मी घाबरले. तो पू नव्हता, पट्टीच विरघळून तसं होतं. तरी भोवतीची कातडी पांढरी, भिजल्यासारखी झाली होती, म्हणून डॉक्टरांनी बंद करायला सांगितली. तळपायाला नको, असं माझं मत.

स्पंजसारखा फोम मला आवडला. स्राव आत घेतो आणि जखम ओलसर ठेवतो. 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की झाकलेल्या ओलसर जखमेवर नवी कातडी उघड्या, कोरड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगानं धरते. साठ वर्षं होऊन गेली, तरी "हवा लागू दे, वाळू दे" आपल्याकडे चालूच आहे. आमचा हिशेब असा: दवाखान्यात रोजचे 80 आणि रिक्षाचे 60, म्हणजे आठवड्याला 980 रुपये. फोमचा तुकडा 420 रुपयांना, आठवड्यातून दोनदा बदलायचा, म्हणजे 840. महाग वाटलेली वस्तूच स्वस्त पडली.

शेवटी कोलॅजन, कातडीत असतं ते प्रथिन. कागदासारखा कोरडा पापुद्रा सलाइननं ओला करून ठेवायचा. काही दिवसांत तो जखमेत विरून जातो आणि नव्या पेशींना आधार देतो. जंतुसंसर्ग असताना लावला तर पैसे पाण्यात. आमची जखम लालबुंद, स्वच्छ झाल्यावरच डॉक्टरांनी लिहून दिला. मी पाकीट वाचलं तर ते गाईगुरांपासून काढलेलं. माशाचंही मिळतं म्हणे. अप्पा माळकरी. मी न सांगता लावू शकले असते, पण सांगितलं. ते रात्रभर गप्प होते. सकाळी म्हणाले, "लाव पोरी. वारीला चालायचं हाय मला." सहा तुकडे लागले. कोलॅजनमुळे जखम किती लवकर भरली हे मला सांगता येणार नाही, कारण तोवर शुगर आणि जखमेवरचा दाब दोन्ही आटोक्यात आले होते. पण शेवटचा खळगा त्याच महिन्यात वर आला.

प्रयोगशाळेत जिवंत पेशींपासून वाढवलेल्या कातडीबद्दलही विचारलं. त्यातल्या अ‍ॅप्लिग्राफला अमेरिकेत 1998 मध्ये शिरांच्या आजारातल्या जखमांसाठी आणि 2000 मध्ये मधुमेही पायासाठी परवानगी मिळाली. आमच्या खिशाच्या पलीकडची गोष्ट. स्वस्त उपाय शोधणारे आपल्याकडेही आहेत. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर आणि रोपणासाठी मांडीची कातडी काढलेल्या जागेवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरलं, त्यावरचे निबंध 2003 मध्ये छापून आले. पान जखमेला चिकटत नाही. मात्र ते उथळ जखमांसाठी. परसातलं पान तोडून कुणी मधुमेही पायावर बांधू नये.

घरी करणाऱ्यांनी एवढं तरी करा: दर रविवारी सलाइनच्या रिकाम्या, पारदर्शक बाटलीचा कापलेला तुकडा जखमेच्या वरती, न टेकवता धरून मार्करनं कड काढा आणि तारीख घाला. चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही तर ड्रेसिंग बदलत बसू नका, पुन्हा डॉक्टरांकडे जा. आम्ही दोन महिने मोजलंच नाही.

अप्पा आता एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, मऊ चप्पल घालतात, घरातसुद्धा. रात्री जेवण झालं की आई त्यांच्या तळव्याखाली आरसा धरते आणि मी बॅटरी.