अपील ‘टाकलंय’ म्हणतात, पण नंबर कुठाय?

विडी वळणाऱ्या एका बाईंच्या मुलाला सोलापूरच्या विशेष न्यायालयात गांजाच्या केसमध्ये, अमली पदार्थविरोधी ‘एनडीपीएस’ कायद्याखाली, आठ वर्षांची शिक्षा लागली. माल 14 किलो. निकालाच्या दिवशीच कोर्टाच्या आवारात एक ‘ओळखीचा’ भेटला. वकील नव्हे, वकिलांकडं गिऱ्हाईक नेणारा. “एनडीपीएसला जामीन नसतोच, वरून करावं लागतं,” म्हणत त्यानं तीन हप्त्यांत 85 हजार नेले. शेवटचा हप्ता मुंबईला जाण्याराहण्याचा.

इथंच पहिली खोट. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्ह्याचं काम मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडं, म्हणजे कोल्हापुरात बसणाऱ्या न्यायपीठाकडं आहे. मुंबईच्या लॉजचं बिल कशाला?

दुसरी खोट जामिनाची. या कायद्याच्या कलम 37 मधल्या जामिनाच्या कडक अटी मुख्यतः ‘व्यावसायिक प्रमाणा’ला, म्हणजे मोठ्या मालाला लागतात, आणि गांजासाठी ते प्रमाण 20 किलोच्या वर आहे. 14 किलो मधल्या प्रमाणात बसतं. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो. शिक्षेला स्थगिती किंवा माफी नाही म्हणणारं कलम 32-अ आडवं येतं असं सांगतील, पण शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार त्या कलमानं जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 सालीच ठरवलंय. ‘शिक्षेत माफी मिळवून देतो’ ही मात्र शुद्ध थाप. एनडीपीएसच्या बहुतेक शिक्षांना तेच कलम माफी देत नाही.

मग त्या दलालाकडून व्हॉट्सअॅपवर ‘स्थगिती आदेशा’चा फोटो आला. गोल शिक्का, सही, सगळं झकास. फक्त वर छापलं होतं ‘सत्र न्यायालय, कोल्हापूर’. सोलापूरच्या विशेष न्यायालयाची शिक्षा कोल्हापूरचं सत्र न्यायालय कशी स्थगित करणार? अपील क्रमांकाची जागाही कोरी.

अपील ‘टाकलं’ म्हटल्यावर स्टॅम्प नंबर मागा. तो मिळाला म्हणजे कागद नुसते जमा झाले. कोर्टाच्या ऑफिसनं दाखवलेल्या कागदांतल्या चुका, म्हणजे ऑब्जेक्शनं, काढल्यावर पक्का नंबर पडतो, आणि ती न काढल्यामुळं अडकलेली अपिलं कमी नसतात. प्रत्येक केसचा वेगळा असा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक न्यायालयांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर टाकला की पुढची तारीख स्वतःच दिसते. वकालतनाम्यावर मुलाची सही तुरुंगातूनच घ्यावी लागते. मुलाला विचारा, कुणी सही घ्यायला आलं होतं का?

खरं तर हे सगळं फुकटात झालं असतं. शिक्षा लागलेल्याला निकालाची प्रत मोफत मिळते. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा. कैदी तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतो.

अपिलाची मुदत 60 दिवसांची. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. या बाईंचे पाच महिने गेले, तरी दार बंद नाही. विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत जोडायचा. त्यात दलालाला पाठवलेल्या प्रत्येक रकमेची तारीख, बँकेचा उतारा आणि त्या खोट्या आदेशाची प्रिंट लावायची. तोच फोटो पोलिसांतल्या फसवणुकीच्या तक्रारीलाही लागतो, म्हणून चॅट रागात डिलीट करू नका.