जुनाच संगणक, चाळीस हजारांची भर: रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० दहा महिन्यांच्या वापरानंतर

२०१८ च्या दिवाळीत जमवलेला माझा संगणक त्या वेळच्या मध्यमवर्गीय खरेदीचा नमुना होता. त्यात रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी ४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड होते. कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळालेल्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ४५० वॅटचे स्टिकर होते. कार्यालयीन कामाला तो आजही पुरला असता. पण नवे गेम सर्वांत खालच्या सेटिंगवरही अडखळू लागले, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये चाळीस हजारांची मर्यादा घालून मी सुटे भाग बदलायचे ठरवले. कळव्याहून दर रविवारी येणाऱ्या माझ्या भाच्याने त्याआधीच यादी करून ठेवली होती आणि त्या यादीत माझा संगणक जवळजवळ उरलाच नव्हता.

त्याच्या यादीप्रमाणे गेलो असतो तर एएम ५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या नव्या जागेचा) नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि डीडीआर ५ रॅम एवढ्यातच बहुतेक पैसे संपले असते आणि कार्ड जुनेच राहिले असते. त्यामुळे आम्ही आधी काय ठेवायचे याची यादी केली. बोर्ड ठेवायचा, कारण २०१८ च्या बी ४५० बोर्डावर बायोस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यास २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० चालतो. एसएसडी ठेवायची. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मॉनिटर ठेवायचा. तो २४ इंची, १०८० पी आणि ७५ हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला ७५ पेक्षा जास्त चित्रे तो दाखवूच शकत नाही. ज्याला १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यायचा आहे, त्याचे गणित वेगळे होईल. माझ्यासाठी मात्र पंचाहत्तरच्या वरच्या प्रत्येक चित्रामागे मोजलेला रुपया वाया जाणार होता. मोठ्या कॅशचा, म्हणजे आतल्या जलद मेमरीचा, ५७०० एक्स३डी प्रोसेसर याच कारणाने यादीतून गेला.

कार्डाच्या निवडीत आमचे तीन रविवार गेले. भाच्याचे मन एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० वर होते. "मामा, डब्यावर आरटीएक्स लिहिलेलं असेल तर पुढे विकतानाही भाव येतो," असे त्याचे म्हणणे होते आणि ते पूर्णपणे खोटे नाही. परंतु ३०५० या एकाच नावाची दोन निराळी कार्डे बाजारात आहेत, हे घेणाऱ्याला बहुधा सांगितले जात नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ८ जीबीच्या कार्डाला १३० वॅट लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात कोअर कमी आहेत, मेमरीची बस (डेटाची वाट) १२८ ऐवजी ९६ बिटची आहे आणि ते ७० वॅटवर चालते. आम्हाला फोनवर '३०५०' म्हणून जो आकर्षक भाव सांगण्यात आला, तो अर्थातच दुसऱ्या कार्डाचा होता. तरीही त्या ६ जीबीच्या कार्डाला सरसकट नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही, कारण त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही आणि ज्याला एसएमपीएस बदलणे शक्यच नाही, त्याच्यासाठी ते रास्त कार्ड आहे.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त होते, पण माझ्या बोर्डासाठी तो सापळा ठरला असता. ते कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेच्या, चारच लेन वापरते. चौथ्या पिढीच्या बोर्डावर हे कसेबसे भागते. बी ४५० तिसऱ्या पिढीचा असल्याने तीच वाट निम्म्याने अरुंद होते, आणि ४ जीबी मेमरी भरली की कार्डाला त्याच अरुंद वाटेने मुख्य रॅमकडे धावावे लागते. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, त्यामुळे भाच्याला खेळ रेकॉर्ड करता आला नसता. १२ जीबीचे इंटेल आर्क बी ५८० कागदावर सर्वांत मोहक होते. मात्र त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर पडतो आणि रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरसोबत काही खेळांत त्याची कामगिरी घसरते, असे चाचण्यांतून समोर आले होते. जुन्या संगणकाची डागडुजी करणाऱ्याने नेमके तेच कार्ड घेणे मला पटले नाही. सेकंड हँड आरटीएक्स ३०६० चाही विचार झाला. पण विकणाऱ्याकडे बिल नव्हते आणि ते कार्ड क्रिप्टो मायनिंगमध्ये किती तापले असेल, हे पंख्यावरची धूळ पाहून ठरवता येत नाही.

उरले ते रेडिऑन आरएक्स ६६००. ऑक्टोबर २०२१ चे, म्हणजे नवे नव्हे. ८ जीबी मेमरी, आठ लेन, १३२ वॅट. आठ लेनमुळे तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर थोडे नुकसान होते, पण कार्डाची मेमरी भरेपर्यंत ते जाणवत नाही. ३०५० च्या दोन्ही रूपांपेक्षा ते स्पष्टपणे वेगवान आहे. त्याच्या उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत: रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणे) नावापुरते आहे आणि लहान चित्र मोठे करून वेग वाढवणारे एनव्हिडियाचे डीएलएसएस मिळत नाही, त्याच कामाचे एएमडीचे एफएसआर मिळते, पण १०८० पीवर त्याने काढलेले चित्र जरा धुरकट दिसते. मला ते २१ हजारांना पडले.

कार्ड ठरल्यावर खरी अडचण पुढे आली. जुन्या १०५० टीआयला ७५ वॅट पुरत, ते त्याला थेट स्लॉटमधून मिळत आणि त्यामुळे सात वर्षे फुकटच्या एसएमपीएसचे पितळ उघडे पडले नव्हते. आरएक्स ६६०० ला ८ पिनची केबल लागते आणि ती त्या एसएमपीएसला नव्हतीच. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात हे सांगितल्यावर "साहेब, कन्व्हर्टर लावून देतो, काही होत नाही," असे उत्तर मिळाले. हा कन्व्हर्टर म्हणजे हार्ड डिस्कसाठी असलेल्या मोलेक्सच्या दोन जोडण्या एकत्र करून पुढे ८ पिनचे तोंड दिलेली केबल. ८ पिनच्या जोडणीतून १५० वॅटपर्यंत, म्हणजे १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर प्रवाह जाणे गृहीत धरलेले असते आणि त्यासाठी तीन तारा दिलेल्या असतात. मोलेक्सच्या प्रत्येक जोडणीत १२ व्होल्टची पिवळी तार एकच असते. घरी येऊन मी जुन्या एसएमपीएसचे स्टिकर पहिल्यांदाच नीट वाचले. वर ठळक ४५० वॅट लिहिले होते, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर होते. गुणाकार केला तर १९२ वॅट भरतात. कार्ड आणि प्रोसेसर मिळून दोनशेच्या वर जाणार असताना त्यात कन्व्हर्टर खुपसणे म्हणजे बाकीच्या पस्तीस हजारांच्या मालावर पैज लावणे होते.

म्हणून साडेचार हजार रुपये ५५० वॅटच्या एसएमपीएसला गेले. त्यावर ८० प्लस ब्राँझचा शिक्का आहे, पण तो शिक्का फक्त विजेची किती बचत होते ते सांगतो, आतले भाग किती चांगले आहेत ते नव्हे. मी १२ व्होल्टचे ४५ अँपिअर आणि पाच वर्षांची वॉरंटी पाहून निर्णय घेतला. या संपूर्ण खरेदीत भाच्याला सर्वांत कंटाळवाणी वाटलेली वस्तू हीच होती आणि पुन्हा खरेदी करायची वेळ आली तर मी पहिल्यांदा तीच घेईन.

प्रोसेसर साडेनऊ हजारांचा. सहा कोअर, बारा थ्रेड आणि ३२ एमबी एल ३ कॅश. त्याचा धाकटा भाऊ ५५०० काही रुपयांनी स्वस्त मिळत होता, पण त्यात कॅश निम्मी आहे आणि खेळांत ते जाणवते. प्रोसेसर बदलताना तीन गोष्टी क्रमाने कराव्या लागतात. पहिली, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच पेन ड्राइव्हवरून बायोस अद्ययावत करणे. मी हे यूपीएस सुरू ठेवून घरीच केले. दुसरी, विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवणे किंवा तो आधी बंद करणे, कारण नवा प्रोसेसर दिसताच बायोस टीपीएमची (कुलपांच्या किल्ल्या जपणाऱ्या भागाची) जुनी नोंद पुसायची का असे विचारते आणि होकार दिल्यावर डिस्क ती की मागू शकते. तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. एएम ४ (माझ्या बोर्डाचे सॉकेट) प्रोसेसरच्या १३३१ पिना बोर्डावर नसून प्रोसेसरच्याच पोटाला असतात. सात वर्षांत थर्मल पेस्ट घट्ट झालेली असते आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात. नौपाड्यात गोखले रोडलगतच्या गल्लीतल्या ज्या छोट्या दुकानातून मी हे भाग घेतले, तिथल्या मुलाने आधी दहा मिनिटे संगणक चालवून तो गरम केला, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवला. त्या दुकानाबद्दलचे माझे मत तिथेच पक्के झाले. बोर्ड तोच राहिल्याने विंडोजचा परवाना पुन्हा मागावा लागला नाही, हा न मागता मिळालेला फायदा.

रॅमच्या बाबतीत चूक माझीच झाली. ८ जीबीच्या, ३२०० गतीच्या दोन पट्ट्या साडेतीन हजारांना घेतल्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या आणि पंधरा दिवस समाधानाने वापरल्या. मग टास्क मॅनेजरमध्ये सहज पाहिले तर त्या २४०० वरच चालत होत्या. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण गतीवर चालवणारी सेटिंग) सुरू करायचे राहून गेले होते. रायझनचे अंतर्गत दळणवळण रॅमच्या गतीशी बांधलेले असल्याने तो फरक खेळताना स्पष्ट दिसतो, विशेषतः गर्दीच्या चौकातून गाडी नेताना बसणारे धक्के कमी होतात. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती चढल्या, तेव्हा माझी खरेदी आधीच झालेली होती. आज कोणी विचारले तर मी जुन्या पट्टीच्या जोडीला तशीच दुसरी शोधायला सांगेन.

खरेदी कुठून करावी यावर ठाणेकरांचे उत्तर ठरलेले असते: मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा बाजार. तिथे या चार वस्तूंवर मिळून मला हजार-बाराशे रुपये वाचले असते. परंतु एखादा भाग पहिल्याच आठवड्यात बिघडला तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडपर्यंत पुन्हा जायचे आणि रांगेत उभे राहायचे, हा खर्चही त्यात धरायला हवा. ऑनलाइन भाव लॅमिंग्टन रोडच्या आसपासच होते. तिथून घेणाऱ्याने पार्सल उघडतानाचे चित्रीकरण अवश्य करावे. नौपाड्याच्या दुकानदाराने भाव फारसा सोडला नाही, मात्र प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक पक्क्या बिलावर लिहून दिला आणि जोडणीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. कच्च्या बिलावर १८ टक्के जीएसटी वाचवण्याचा प्रस्ताव दुसऱ्या एका ठिकाणी आला होता; तीन वर्षांची वॉरंटी असलेल्या कार्डाबाबत तो स्वीकारण्यात मला शहाणपण दिसले नाही.

दहा महिन्यांत सायबरपंक २०७७ मी रे ट्रेसिंग बंद ठेवून, हाय सेटिंगवर बहुतेक वेळ सेकंदाला साठ ते सत्तर चित्रांच्या दरम्यान खेळलो. १०५० टीआयवर तोच खेळ सर्वांत खालच्या सेटिंगवर तीसला चिकटून होता. व्हॅलोरंटमध्ये आकडे मॉनिटरच्या कितीतरी पुढे जातात आणि म्हणूनच त्यांचा उपयोग नाही. मी सर्व खेळांना ७२ ची मर्यादा घातली आहे, त्याने कार्ड कमी तापते. हा ताप ठाण्यात गंभीरपणे घ्यावा लागतो. मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या माझ्या खोलीत कार्ड ७५ अंशांपर्यंत आणि त्यातला सर्वांत तापलेला बिंदू नव्वदच्या जवळ जात होता. हजार रुपयांत पुढे दोन पंखे बसवल्यावर तो पाच-सहा अंशांनी उतरला आणि तिथे माझे चाळीस हजार जवळजवळ संपले. घोडबंदर रोडची धूळ मात्र जाळीतूनही येते, दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारावाच लागतो.

प्रोसेसरसोबत डब्यात येणारा कूलर ही या संचातली माझी एकमेव कायमची तक्रार आहे. तो प्रोसेसरला सांभाळतो, पण भार वाढला की त्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो आणि बायको विचारते की मिक्सर कोणी लावला. दीड-दोन हजारांचा टॉवर कूलर पुढच्या यादीत आहे.

जुने १०५० टीआय विकायला काढले तेव्हा मुंब्र्याहून एका मुलाचा फोन आला. त्याचाही एसएमपीएस कॅबिनेटसोबतचाच होता. त्याने भाव विचारण्याआधी "दादा, सोबत केबल मिळेल का?" असे विचारले, आणि या कार्डाला केबल लागतच नाही हे ऐकल्यावर घासाघीस न करता दुसऱ्या दिवशी येऊन ते घेऊन गेला.