१२ आठवड्यांचा फोटो क्रिटिक कोर्स केला, चिमट्यांनी वाचवलं

आधीच सांगते, कोर्सचं नाव लिहिणार नाहीये. खाली कौतुक आहे तशी कुरकुर पण आहे आणि त्यावरून कोणाशी भांडत बसायची माझी इच्छा नाही. असे कोर्स सध्या बरेच निघालेत, ऑनलाइन, फाइन आर्ट फोटोग्राफीवाल्यांसाठी, आठ-दहा जणांचा ग्रुप, एक मेंटर, दर आठवड्याला एक असाइनमेंट आणि मग सगळ्यांसमोर चिरफाड. कोणी घ्यायचा विचार करत असेल तर आत काय असतं ते कळावं म्हणून लिहितेय.

माझी अवस्था अशी होती की सहा-सात वर्षं फोटो काढतेय, शटर-अपर्चरची भीती कधीच गेली, फोटो टाकला की लाइक येतात आणि खाली 'अप्रतिम', 'वॉव', 'कॅमेरा कुठला' या तीनपैकी एक कमेंट येते, आणि त्यातून मला काडीचंही कळत नव्हतं की आपण पुढे चाललोय की घाण्याच्या बैलासारखे गोल फिरतोय. प्रयोग मात्र ढीगभर. आयसीएम करून झालं, म्हणजे शटर उघडं असताना मुद्दाम कॅमेरा हलवायचा, मल्टिपल एक्सपोजर (एकाच फ्रेमवर दोन-तीन फोटो) झालं, लेन्ससमोर प्लास्टिकची पिशवी धरून झालं, व्हॅसलीन पण लावून झालं (फिल्टरला हो, लेन्सला नाही, एवढी वेडी नाहीये). एक खेळणं दोन शनिवार-रविवार पुरायचं, मग दुसरं.

कोर्समधला सगळ्यात भारी भाग म्हणजे त्यांचा एक नियम. ज्याचा फोटो चर्चेला आहे त्याने पहिली १० मिनिटं माइक बंद ठेवायचा. बाकीच्यांनी या वेळात आवडलं-नाही आवडलं म्हणायचं नाही, फक्त फोटोत काय दिसतंय ते सांगायचं. ऐकायला फालतू वाटतं, मलाही वाटलं होतं. पण आपल्या फोटोबद्दल लोक बोलतायत आणि आपण 'अहो त्या दिवशी ढग होते म्हणून' असं काही म्हणू शकत नाही तेव्हा जी घुसमट होते ना, तिचेच पैसे आहेत असं समजा.

तिसऱ्या आठवड्यात माझा नंबर लागला. मी वाळत घातलेल्या चादरींचे फोटो दिले होते, आयसीएमचे, पाच, सगळे एकदम धूसर, पांढरं-राखाडी धुकं, आणि मला स्वतःला फार म्हणजे फारच काव्यात्म वाटत होते. एक जण म्हणाला धुकं दिसतंय. दुसरी म्हणाली बर्फ असेल. तिसरा म्हणाला, भिंत आहे का? मग मेंटरने विचारलं की डाव्या कोपऱ्यात एक निळा ठिपका आहे तो काय आहे, आणि गंमत म्हणजे पुढची पाच मिनिटं सगळे त्या ठिपक्यावरच बोलत राहिले. तो कपड्यांचा चिमटा होता. प्लास्टिकचा, निळा. बाकीच्या चार फोटोंतून मी चिमटे व्यवस्थित क्रॉप करून काढून टाकले होते कारण ते 'डिस्टर्ब' करतायत असं मला वाटलं होतं, हा एक चुकून राहून गेलेला. माइक चालू झाल्यावर मी हे सांगितलं तर मेंटर म्हणाले, निवडलेले पाच नकोत, काढलेल्या सगळ्या फ्रेम्स पाठवा, खराबसकट.

२१२ फ्रेम्स होत्या. पाठवताना लाज वाटली, खरंच, कोणाला घरातला पसारा दाखवतोय असं वाटलं. पण माझ्या मते कोर्सची खरी किंमत इथे वसूल झाली. त्यांनी सगळ्या फ्रेम्स छोट्या-छोट्या करून एका पानावर मांडल्या आणि ज्या फ्रेम्समध्ये मी स्वतःहून थांबलेय, परत परत तेच काढलंय, त्यांना लाल गोल केले. मी ४० एक वेळा चिमटा फ्रेममध्ये घेतलेला आणि नंतर एडिट करताना कापलेला! म्हणजे हाताला काय हवंय ते कळत होतं, फोटोशॉपमध्ये बसलेल्या बाईला कळत नव्हतं.

त्यावर त्यांचा प्रश्न अगदी साधा होता, हलतंय काय, चादर की तुम्ही? आयसीएममध्ये कॅमेराच हलतो त्यामुळे चिमटा, तार, चादर सगळ्याचाच शिरा होतो. चादर हलायला हवी असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर पाहिजे. हे मला माहीत नव्हतं का, होतं की, पण आयसीएम माझी 'स्टाइल' झाली होती ना, मग सोडणार कोण.

पुढचे तीन आठवडे मी तेच करत बसले आणि हे तपशिलात लिहिते कारण कोणाला तरी उपयोग होईल. भर दिवसा शटर १/१२५ सेकंद येत होतं. एनडी फिल्टर म्हणजे प्रकाश अडवणारी काळी काच, एका स्टॉपला प्रकाश निम्मा आणि वेळ दुप्पट. सहा स्टॉपचा लावला की ६४ पट, ते झालं साधारण अर्धा सेकंद. दहा स्टॉपचा लावला की हजार पट, साधारण ८ सेकंद. १/१५ ला चादर नुसती चुकून हललेली दिसते, फोटो बिघडलाय असंच वाटतं. अर्ध्या सेकंदाला कापड श्वास घेतल्यासारखं फुगतं, कडा विरघळतात पण चुण्या राहतात. आणि ८ सेकंदांना, वारा चांगला असेल तर, चादर जवळजवळ गायबच, मागचं झाड आरपार दिसतं आणि वर तारेवर चिमटे तेवढे टकटकीत, कशाला पकडलंय तेच कळत नाही. एक लक्षात ठेवा, दोरी चालत नाही, दोरी वाऱ्याने झुलते आणि चिमट्यांचा पण शिरा होतो, मला तार बांधून ती ताणून घ्यावी लागली आणि तरी मधले चिमटे हलतातच, खांबाजवळचे तेवढे स्थिर राहतात. घरच्यांना वाटलं हिला आता धुण्याची आवड लागली.

असाइनमेंट्स साधारण बऱ्या होत्या. एका आठवड्यात कॅमेरा बंद, सायनोटाइप करायचं. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली पद्धत, लोहाचे दोन क्षार कागदाला लावून वाळवायचं, वर वस्तू ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं, निळा येतो. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने समुद्रातल्या शेवाळाची छायाचित्रं याच पद्धतीने करून पुस्तकरूपात काढायला सुरुवात केली होती, हे मला कोर्समध्येच कळलं. मजा आली पण माझ्या कामाशी त्याचा काही संबंध लागला नाही, ते तसंच कपाटात पडलंय. आणखी एक होती, एकाच वस्तूच्या ३६ फ्रेम्स. वीसाव्या फ्रेमपर्यंत वैताग येतो, मग पंचविसाव्याच्या आसपास डोकं रिकामं होतं आणि काहीतरी बरं निघतं. एडवर्ड वेस्टन या फोटोग्राफरच्या १९३० मधल्या ढोबळी मिरचीच्या त्या प्रसिद्ध फोटोचं नावच 'पेपर नंबर ३०' आहे (पेपर म्हणजे मिरची), आधीच्या मिरच्यांचा हिशोब करा. ती पण शेवटी पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवल्यावर जमली म्हणे.

लेक्चरचा भाग मात्र सरासरी. इतिहास घाईत उरकला. एकच गोष्ट लक्षात राहिली, आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या फोटोग्राफरची. त्याच्या पोर्ट्रेटमधली ताकद म्हणजे समोरच्या माणसांवर त्याची असलेली मोहिनी, अशा अर्थाचं कोणीतरी लिहिलं, ते त्याला चांगलंच झोंबलं, आणि १९२२ पासून त्याने कॅमेरा ढगांकडे वळवला, आता ढगांना कोण मोहिनी घालणार. साधारण ४ बाय ५ इंचाच्या त्या छोट्या प्रिंट्स, पुढे त्यांना 'इक्विव्हॅलंट्स' नाव पडलं. टीका लागली तर असं काहीतरी करावं, मी पहिल्या सेशननंतर दोन दिवस ग्रुप म्यूट केला होता.

आता कुरकुर. एक, वेळ. आठ जणांना दोन तास, पहिल्या दोघांवर पाऊण-पाऊण तास जायचा आणि शेवटच्याला 'चांगलंय, पुढे चालू ठेवा'. मी दोनदा शेवटची होते. याला काही अर्थ आहे का. दोन, लेखी फीडबॅक तीन दिवसांत देणार म्हणून लिहिलं होतं, मला एकदा ११ दिवसांनी आला, तोपर्यंत पुढच्या दोन असाइनमेंट होऊन गेलेल्या, आणि त्यात माझ्या फोटोऐवजी दुसऱ्याच कोणाच्या तरी फोटोबद्दल लिहिलेलं होतं (कळवल्यावर माफी मागितली, नवीन दिला, ते ठीक).

तीन नंबरची तक्रार जरा मोठी आहे. मेंटरची स्वतःची आवड ब्लॅक अँड व्हाइट, भरपूर रिकामी जागा, एकटी वस्तू. वाईट नाहीये ते. पण नवव्या आठवड्यात सगळ्यांच्या स्क्रीन ओळीने पाहिल्या तर आठपैकी सहा जणांचे फोटो एकाच माणसाने काढल्यासारखे. मी पण निळा चिमटा राखाडी करून मोकळी झाले होते! कोणी सांगितलं नव्हतं हां, आपोआप झालं, मार्क मिळवायची शाळेतली सवय. हे ग्रुपमधल्या एका मुलीने बोलून दाखवलं, आणि मेंटरनी ते खिलाडूपणे घेतलं, पुढच्या वेळी बाहेरचा एक फोटोग्राफर बसवला. त्या बाईंनी पहिलंच वाक्य टाकलं, 'रंग कुठे गेला?' मग मी रंग परत आणला. मेंटरना अजूनही तो निळा खटकतो, राहू दे.

प्रिंट रिव्ह्यू हा वेगळा भाग आहे आणि तो शेवटी एकदाच आहे, माझ्या मते मधे एकदा तरी हवा होता. स्क्रीनवर माझ्या चादरी चमकत होत्या, मॅट कागदावर काढल्या तर मेल्यासारख्या. एक तर माझी स्क्रीन फार ब्राइट ठेवलेली त्यामुळे मी सगळं गडद एडिट केलं होतं, आणि दुसरं म्हणजे जिथे पांढरं पूर्ण जळलंय तिथे प्रिंटर शाई टाकतच नाही, कोरा कागद उरतो, आणि चादरीत भोक पडल्यासारखं दिसतं. कागदावर हात फिरवला की शाईचा भाग आणि तो भाग वेगळा कळत होता. हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, थोडेसे खाली आणून परत काढल्या, तिसऱ्या प्रिंटला कापड दिसायला लागलं. हे पहिल्या महिन्यात कळलं असतं तर शूटिंगच वेगळं केलं असतं ना.

कोणी घ्यावा? ज्याला कॅमेरा चालवता येतो आणि ज्याच्याकडे निदान शंभर-दोनशे फ्रेम्सचा एखादा विषय अर्धवट पडलाय त्याने. नवीन कॅमेरा घेतलाय आणि शिकायचंय म्हणून घेऊ नका, तिथे कोणी अपर्चर शिकवत नाही, आमच्यातला एक बिचारा चौथ्या आठवड्यात सोडून गेला. आणि घेण्याआधी दोन गोष्टी नक्की विचारा, एका सेशनमध्ये किती जण आणि प्रत्येकाला किती मिनिटं. गोलगोल उत्तर आलं तर समजून जा.

पाचपैकी साडेतीन. चौथा तारा त्या ११ दिवसांत गेला.

पुढची लेव्हल पण आहे, ती घेणार नाहीये, पण आमच्यातले चौघे महिन्यातून एकदा स्वतःच भेटतो कॉलवर, तोच १० मिनिटं गप्प बसायचा नियम ठेवून. चादरींची मालिका १४ फोटोंवर आलीये. सातवा आणि आठवा यांची अदलाबदल करायची का यावर मागच्या वेळी भांडण झालं, अजून मिटलेलं नाहीये.