टेकची नक्कल: मूठ झकास, डोकं तिरकं

सातशे रुपयांना एक तीन तुकड्यांचा (झाकण, खालची पट्टी आणि मूठ) रेझर ऑनलाइन मागवला. वर्णनात 'व्हिंटेज डिझाइन' लिहिलेलं, पण फोटो बघूनच ओळखलं, हा जिलेटच्या 'टेक' या जुन्या रेझरचा जुळा भाऊ. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकाच साच्यातला दिसणारा माल तीन-चार नावांनी विकायला आहे, एकालाच कशाला झोडा.

असली टेक घरातच आहे. मामा बोटीवर होते, त्यांनी आणलेली. खालच्या पट्टीवर 'मेड इन इंग्लंड' ठोकलेलं आहे. जिलेटने हे मॉडेल १९३८च्या सुमारास काढलं आणि पुढे कित्येक दशकं फार न बदलता बनवलं. मी भोसरीला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, तीस वर्षं काढली, त्यामुळे दोन्ही समोर आल्यावर मापं घ्यायचा व्हर्नियर हातात न घेणं जमलंच नाही. बायको म्हणाली, "दाढी करायची आहे की इन्स्पेक्शन?"

आधी चांगलं सांगतो. नव्याची मूठ फार छान आहे. मामांची मूठ बारीक आणि हलकी, साबणाच्या हाताला सटकते. नवी जाड आहे, नर्लिंग (पकडीसाठी कोरलेली खरखरीत नक्षी) खोल आणि सगळीकडे सारखं, बोटं रुतून बसतात. घरच्या काट्यावर मामांचा अख्खा रेझर ४६ ग्रॅम भरला, नवा ८४. वजनामुळे हाताला जोर लावावा लागत नाही, रेझर आपल्या भाराने चालतो.

पहिल्या दाढीला डावा गाल गुळगुळीत झाला. रेझर उलटवून दुसऱ्या बाजूने उजवा गाल केला आणि जबड्याखाली रक्त. तुरटी फिरवली तर उजवी बाजू पूर्ण झोंबली, डावीकडे काही नाही. जिथे कातडी खरवडते तिथेच ती झोंबते, तुरटी खोटं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बाजू बदलून केली, तर झोंबणं डावीकडे. म्हणजे हात चुकत नव्हता, रेझरच तिरका होता.

जुनं ब्लेड लावलं आणि धार व पट्टीची कड यांच्यातल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. एका बाजूला ०.५५ मिमी, दुसऱ्या बाजूला ०.८०. ब्लेड स्वतः ०.१ मिमी जाडीचं, तिथे पाव मिमीचा फरक म्हणजे दोन वेगळे रेझर एकाच मुठीवर. मामांच्या टेकला दोन्हीकडे तोच गेज त्याच घट्टपणाने गेला. इतक्या वर्षांनंतर!

दोष सापडायला भिंग लागलं. झाकणाच्या खुंट्या खालच्या पट्टीच्या ज्या भोकांत बसतात, त्यातल्या एका भोकाच्या काठावर बर, म्हणजे धातूची बारीक उठलेली कड, राहिलेली होती, प्लेटिंगखाली (वरच्या मुलाम्याखाली) दबलेली. त्यामुळे झाकण एका बाजूने किंचित उचललं जाई. सुईकानस घेऊन दहा मिनिटांत काढली. फरक पाव मिमीवरून ०.०८वर आला, दाढी चालण्याजोगी झाली. पण कानशीखाली पांढरी धातू दिसली. मामांच्या टेकचं प्लेटिंग जिथे झिजलंय तिथे पिवळं पितळ दिसतं. नवं डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं, ओतीव. प्लेटिंग शाबूत आहे तोवर ठीक. आता मीच ते उघडं पाडलंय, म्हणजे ओल लागून तिथे पांढरी पूड धरणार. चालेल तितके दिवस चालेल.

नक्कल केली म्हणून माझी तक्रार नाही. जिलेट कंपनीचा संस्थापक किंग जिलेट, त्याचं पेटंट १९०४चं, सतरा वर्षांचं. १९२१ला ते संपलं आणि मग कुणालाही दुधारी ब्लेडचा रेझर बनवायची मोकळीक मिळाली. आज जर्मनीच्या म्यूले आर८९ आणि इंग्लंडच्या एडविन जॅगर डीई८९ या दोन नामांकित रेझरांचं डोकंही एकाच घडणीचं आहे, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण नक्कल करायची तर मापाचीही करा. बाहेरचा आकार फोटोवरूनही काढता येतो. मशीनवर बसलेला माणूस मात्र बर न काढता पार्ट पुढे ढकलतो तेव्हा काय होतं, ते माझ्या जबड्याला विचारा.

आता गंमत. जुन्या जिलेटचे आटे इंची, दहा-बत्तीस, व्यास ४.८३ मिमी. नव्याचे मेट्रिक, एम५, व्यास ५ मिमी. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, जवळजवळ सारखी. त्यामुळे मामांच्या झाकणाचा खिळा नव्या मुठीत जातो, फिरवताना थोडी ढिलाई लागते, पण आवळल्यावर गच्च बसतो. उलटं करायला जाऊ नका. नव्या झाकणाचा खिळा जुन्या मुठीत दीड-दोन फेरे जाऊन अडकतो, आणि जोर लावलात तर जुने आटे मेलेच म्हणून समजा. मी दीड फेऱ्यावर थांबलो.

कुणाला घ्यायचाच असेल तर आल्याबरोबर ब्लेड लावून समोरून उजेडात धरा. दोन्ही कडांना ब्लेड सारखं बाहेर दिसलं तर ठेवा, नाहीतर परतीची मुदत आहे तोवर परत करा. मी कानस लावून बसलो, त्यामुळे माझी संधी गेली.

गेले तीन आठवडे मामांचं डोकं आणि नवी मूठ अशी दाढी चालू आहे. तुरटी कुठेच झोंबत नाही. नवं डोकं हत्यारांच्या डब्यात पडलंय, मामांची मूठ कपाटात.